कोल्हापुरात राहून पर्यावरणावर वाचायचं तर सुरुवात कुठून करायची

पर्यावरणावर काय वाचू असं कुणी विचारलं की लोक लगेच पृथ्वीचं तापमान, ध्रुवावरचा बर्फ, ॲमेझॉनचं जंगल असल्या विषयांची जाडजूड पुस्तकं सांगतात, मग विचारणारा सुरुवातीची काही पानं वाचतो, घाबरतो नाहीतर कंटाळतो आणि पुस्तक कपाटात जातं ते जातंच. मला मनापासून वाटतं की हा क्रम उलटा आहे. आपण पंचगंगेच्या काठची माणसं, २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेली, आणि आपल्याच जिल्ह्यात एका टोकाला गगनबावड्याचा धो धो पाऊस तर दुसऱ्या टोकाला शिरोळची क्षारपड जमीन. प्रश्न दारात उभे आहेत. तर आधी आपला प्रश्न धरायचा, मग त्या प्रश्नाचं पुस्तक शोधायचं, आणि ध्रुवावरचा बर्फ सगळ्यात शेवटी. तोवर तो आपोआप समजायला लागलेला असतो.

म्हणून पहिलं काम पुस्तक विकत घेण्याचं नाहीच. एक साधी वही घ्या आणि त्यात आपल्याला खरोखर पडलेले प्रश्न लिहा. कपिलतीर्थ मंडईत आपण भाजी घेतो पण ते तीर्थ कुठं गेलं? पाऊस थांबला तरी पुराचं पाणी उतरायला एवढे दिवस का लागतात? उन्हाळ्यात नदीला वास का येतो, मासे का मरतात? ऊस तुटला की पाचट, म्हणजे रानात पडलेला उसाचा वाळका पाला, पेटवायचं का ठेवायचं? गवा शेतात का उतरायलाय? असले चार-पाच प्रश्न झाले तरी वर्षभराचं वाचन झालं समजा. आणि प्रश्न तुमचाच पाहिजे, मी दिलेला नको, कारण दुसऱ्याच्या प्रश्नावर माणूस फार दिवस वाचत नाही.

पाण्यापासून सुरू करा

माझं मत विचाराल तर पहिलं पुस्तक अनुपम मिश्र यांचं 'आज भी खरे हैं तालाब'. हिंदी आहे, पण आपल्याला वाचायला काही अडचण येत नाही, भाषा एकदम साधी, आजोबा सांगतात तशी. १९९३ मध्ये दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठाननं काढलं आणि लेखकानं त्यावर कॉपीराइट ठेवलाच नाही, कुणीही छापा, कुणीही वाटा, त्यामुळं नेटवर मोफत आणि कायदेशीर मिळतं. तळं कोण बांधायचं, जागा कशी निवडायचे, पाळ कशी घालायचे, पाणी भरून वाहायला लागलं की ते कुठून काढून द्यायचे, गाळ कधी आणि कुणी काढायचा, हे सगळं त्यात आहे आणि ते वाचताना तळं म्हणजे नुसता खड्डा नाही, त्याच्यामागं अख्ख्या गावाची व्यवस्था असते हे कळतं.

पण ते घरात बसून एका दमात संपवू नका. अर्धं वाचून झालं की गांधी मैदानात जा. तिथं पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. कपिलतीर्थही तसंच, तळं बुजलं, मंडई झाली, नाव तेवढं राहिलं. मग उरलेली तळी बघा, रंकाळा, कोटीतीर्थ, कळंबा, राजाराम तलाव. प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी शोधायच्या, पाणी कुठून आत येतं आणि जास्त झालं की कुठून बाहेर जातं. येणाऱ्या वाटेवर काय काय बांधलंय ते बघा. एवढं केलं की पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग तुम्ही वेगळ्याच डोळ्यांनी वाचाल, मी सांगते म्हणून करून बघा.

त्यानंतर पुराकडं या. पुरावर गोष्टीचं पुस्तक शोधण्यापेक्षा सरकारी अहवाल वाचायला शिका, हे मी आग्रहानं सांगेन, कारण आपल्याकडं पुराबद्दल बोलणारे लै आणि वाचणारे कमी. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे, आणि २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं हेही आपण विसरलेलो नाही. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिचा अहवाल आहे. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या बॅकवॉटरबद्दल, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणाऱ्या पाण्याबद्दल, समितीनं काय म्हटलंय ते वाचा आणि त्यावर आक्षेप घेणाऱ्यांनी काय म्हटलंय तेही वाचा, दोन्ही वाचल्याशिवाय कट्ट्यावर वाद घालू नका.

असला अहवाल वाचायची एक पद्धत आहे. पहिल्या पानापासून सुरू केला तर माणूस समितीच्या सदस्यांच्या यादीतच झोपतो. आधी शेवटाकडच्या शिफारशी वाचा. मग नकाशे. मग ज्या शिफारशीनं तुम्हाला धक्का बसला किंवा पटली नाही तिचं कारण मधल्या प्रकरणात कुठं दिलंय ते शोधा आणि तेवढंच प्रकरण नीट वाचा. नकाशात निळी पूररेषा आणि लाल पूररेषा असे शब्द येतील. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. आपलं घर, आपली शाळा, आपला दवाखाना या रेषांच्या आत आहे का बाहेर, हे बघितलं तरी अहवाल वाचल्याचं सार्थक झालं.

नदीच्या प्रदूषणाचं पण तसंच. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते, प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याचे आकडे वेबसाइटवर टाकतं. त्यात बीओडी आणि डीओ ही दोन अक्षरं बघितली की लोक पान उलटतात, पण गोष्ट सोपी आहे. पाण्यातली घाण खाणारे जिवाणू पाण्यातलाच प्राणवायू वापरतात, घाण जेवढी जास्त तेवढा त्यांना प्राणवायू जास्त लागतो, तो किती लागेल त्याचा आकडा म्हणजे बीओडी. म्हणजे बीओडी वाढला की पाणी घाण. डीओ म्हणजे पाण्यात शिल्लक असलेला प्राणवायू, तो कमी झाला की मासे तडफडतात. आंघोळीच्या पाण्यासाठी बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा त्याच्या आत आणि डीओ ५ मिलिग्रॅम किंवा त्याच्या वर पाहिजे असं केंद्रीय मंडळाचं मानक आहे. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मग जयंती नाल्याची बातमी आली, इचलकरंजीची बातमी आली, तर तुम्ही बातमीतलं विशेषण वाचणार नाही, थेट आकडा शोधाल.

मातीसाठी तीन-चार पुस्तकं

शेतकरी घरातले असाल तर महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' पर्यावरणाचं पुस्तक म्हणून वाचा. १८८३ चं लिखाण. शाळेत आपल्याला त्याची ओळख सामाजिक विचारांचं पुस्तक म्हणून होते, ती बरोबरच आहे, पण त्यात फुल्यांनी डोंगरावरून वाहून जाणाऱ्या मातीबद्दल लिहिलंय, गावाची गायरानं आणि रानं जंगल खात्यानं गिळल्यावर शेतकऱ्याच्या जनावरांचं काय झालं ते लिहिलंय, आणि सरकारनं लष्कर-पोलिसातल्या शिपायांच्या हातून जागोजाग ताली आणि बंधारे असे बांधावेत की वळवाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीनाल्याला मिळेल, असंही स्पष्ट सुचवलंय. आज पाणलोट म्हणून जे शिकवतात ते त्यात आहे हो! भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, तर मोठ्यानं वाचा, घरात कुणाला तरी वाचून दाखवा, म्हणजे ती लगेच पकडते.

त्याच्याबरोबर मासानोबू फुकुओकांचं 'वन स्ट्रॉ रिव्हॉल्यूशन' वाचायचं. मूळ जपानी १९७५ चं, इंग्रजीत १९७८ ला आलं, मराठी अनुवादही आहे. हा माणूस वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करणारा संशोधक होता, नोकरी सोडून शिकोकू बेटावर शेती करायला गेला, न नांगरता, रासायनिक खत न घालता, कापलेल्या पिकाचं काड परत त्याच रानात पसरून. आता इथं तुमचा पाचटाचा प्रश्न काढा. आपण जे पेटवतो ते तो अंथरत होता. पण जपानातलं भाताचं रान आणि आपलं उसाचं रान एक नाही, म्हणून फुकुओका वाचून लगेच सगळं शेत तसं करायला जाऊ नका, त्याआधी आपल्या कोल्हापूरच्याच प्रताप चिपळूणकरांचं लिखाण वाचा. ते विना-नांगरणी शेतीवर आणि जमिनीच्या सुपीकतेवर वर्षानुवर्षं लिहीत आलेत, आपल्याच मातीत करून बघून लिहिलेलं आहे, त्यामुळं ते जास्त उपयोगी पडतं.

क्षारपड जमिनीचा विषय पुस्तकात शोधताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, मीठ कुणी वरून आणून टाकत नाही. पाणी जास्त दिलं आणि निचरा नाही झाला की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते, ते पाणी क्षार घेऊन वर चढतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. हे कळलं की पाटपाणी, ठिबक, सच्छिद्र पाइपची निचरा योजना यावरचं काहीही वाचा, समजेल.

रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ चं. डीडीटीसारखी कीटकनाशकं किड्यातून पक्ष्यात, पक्ष्यातून अंड्यात कशी जातात हे त्यांनी मांडलं, कंपन्यांनी त्यांच्यावर जोरदार टीका केली, आणि १९७२ ला अमेरिकेत शेतीसाठी डीडीटीवर बंदी आली. इंग्रजी जमत असेल तर वाचाच. पहिलं प्रकरण अगदी लहान आहे आणि ते काल्पनिक गावाचं आहे, त्याला खरी घटना समजू नका, खरा पुरावा पुढच्या प्रकरणांत आहे.

रान, गवा आणि सह्याद्री

इथं मराठीत इतकं चांगलं लिखाण आहे की आपण भाग्यवान आहोत. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करता करता रानात राहून लिहिते झाले. 'रानवाटा' किंवा 'पक्षी जाय दिगंतरा' पासून सुरू करा, छोटे छोटे लेख आहेत, झोपायच्या आधी एक वाचला तरी चालतो. आवडलं तर मग 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र, ते जाड आहे, सुट्टीत घ्या. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' तर एका बैठकीत होतं, वानरांच्या टोळीची गोष्ट, साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक. त्यात माणूस जवळजवळ नाहीच आणि तरी वाचताना श्वास अडकतो. 'बनगरवाडी' तुम्ही शाळा-कॉलेजात वाचली असेल, ती आता परत वाचा, यावेळी पावसाकडं आणि चाऱ्याकडं लक्ष ठेवून. दुष्काळ आल्यावर वाडी कशी रिकामी होते ते माणदेशचं चित्र आहे, आणि माणदेश आपल्यापासून लांब नाही.

गव्याच्या प्रश्नासाठी राधानगरीला जाऊन या, दाजीपूरच्या बाजूनं. हे अभयारण्य गव्यांसाठीच ओळखलं जातं आणि २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली त्यात ते आहे. मग पश्चिम घाट कसा जपायचा यावरचा, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या समितीचा अहवाल घ्या. समिती २०१० ला नेमली, अहवाल २०११ ला दिला. यावर आपल्याकडं इतकं भांडण झालंय आणि इतक्या कमी लोकांनी तो उघडून बघितलाय! आपल्या जिल्ह्यातले पश्चिमेकडचे तालुके, बॉक्साइटच्या खाणी, हे सगळं त्या वादात आहे. अहवालात गाडगीळ वारंवार सांगतात की काय जपायचं आणि काय नाही हे ग्रामसभेला विचारून ठरवा, आणि विरोधात बोलणाऱ्यांना बऱ्याचदा नेमकं हेच माहीत नसतं. त्यानंतर २०१३ ला त्याच विषयावर कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला तो शेजारी ठेवून वाचा, दोघांत फरक कुठं पडतो ते वहीत लिहा. अहवाल जड वाटला तर गाडगीळांचं आत्मकथन 'सह्याचला आणि मी' आधी वाचा, माणूस कळला की त्याचा अहवाल सोपा जातो.

आणि एक पुस्तक मी कोल्हापूरच्या प्रत्येक माणसाला देईन, ते म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र'. सुमारे १७१५ चं, आपल्याच करवीरच्या गादीच्या काळातलं, लिहिणारे अमात्य गगनबावड्याचे. पर्यावरणाचं पुस्तक ते नाहीच, राज्य कसं चालवावं त्याचं आहे, पण आरमाराचं प्रकरण उघडा. जहाजांना लाकूड पाहिजे, तर सागवानासारखं रानातलं लाकूड परवानगी घेऊन तोडा, पण आंबा, फणस असल्या झाडांना हात लावायचा नाही, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं न्यायचं. तीनशे वर्षांपूर्वी झाडाची किंमत आणि झाडवाल्याची मर्जी दोन्ही लिहून ठेवलीय. रस्ता रुंदीकरणात वडाची झाडं पडायला लागली की मला हे पान हमखास आठवतं. मात्र टिपा असलेली आवृत्तीच घ्या, नाहीतर फारसी शब्दांत अडकाल.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' या सगळ्यात वेगळं आहे आणि ते वाचायची पद्धत पण वेगळी. प्रत्येक मराठी महिन्याचा एक लेख आहे. महिना लागला की त्याच महिन्याचा लेख वाचायचा, पुढचा नाही. पाडव्याला 'वसंतहृदय चैत्र', असं करत फाल्गुनापर्यंत. लेख वाचला की पन्हाळ्याच्या रस्त्यावर नाहीतर आपल्या कॉलनीत त्यातलं काय दिसतं ते बघायचं. वर्षभर चालणारं हे एकच पुस्तक बाकीच्या वाचनाच्या बाजूनं चालू ठेवा.

रोजच्या जगण्यासाठी दिलीप कुलकर्णी यांचं 'दैनंदिन पर्यावरण'. ते दापोलीजवळ कुडावळ्याला स्वतः तसं राहतात, 'गतिमान संतुलन' नावाचं मासिकही त्यांनी चालवलं, म्हणजे सांगणं आणि वागणं एकच आहे. सगळं पटेलच असं नाही, पटलं नाही तिथं पेन्सिलीनं खूण करा, ते जास्त महत्त्वाचं.

हे एवढं झालं की मग मोठं जग. अतुल देऊळगावकरांचं 'विश्वाचे आर्त' घ्या, हवामान बदलावर मराठीत इतकं कळकळीनं आणि अभ्यासानं लिहिणारे फार नाहीत. शाश्वत विकास हा शब्द सगळीकडं ऐकू येतो, तो गाजला संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालातून, आजच्या पिढीची गरज भागवताना पुढच्या पिढीची गरज भागवायची ताकद मारायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही व्याख्या हातात ठेवून कुठलीही जाहिरात वाचा, शाश्वत म्हणून काय काय विकायलेत ते लक्षात येईल. आणि कुठल्याही पुस्तकात आकडा आला की तीन प्रश्न विचारायची सवय लावा: कधीचा आहे, कुठला आहे, कुणी मोजला. वीस वर्षांपूर्वीच्या आकड्यावर आज भांडू नका.

मुलांसाठी जाँ जिओनोची झाडं लावणाऱ्या माणसाची गोष्ट, १९५३ ची, मराठीत आहे. पुष्कळ लोक ती खरी समजून फॉरवर्ड करतात, ती कथा आहे, हे मुलांना आधीच सांगा, गोडी कमी होत नाही. अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर मराठी आणि हिंदी पुस्तकांचा मोठा साठा फुकट आहे, तिथं मुलांना स्वतः शोधू द्या.

पुस्तकं मिळवायची कुठून? सगळी विकत घ्यायची गरज नाही, आणि या विषयाला तर ते शोभणारही नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे, सभासद व्हा. विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, तिथं अहवाल आणि इंग्रजी पुस्तकं मिळायची शक्यता जास्त, वापरायचे नियम आधी विचारून घ्या. तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयं आहेत. चार-पाच जणांनी मिळून एक-एक पुस्तक घ्यायचं आणि महिन्याला फिरवायचं हेही छान चालतं, फक्त भेटताना सगळ्यांनी पुस्तकाचा सारांश सांगत बसू नका, ज्यानं वाचलं त्यानं आपल्या वहीतला प्रश्न सांगायचा आणि पुस्तकानं त्याचं काय केलं ते सांगायचं, बास. भेटायची जागा जमलं तर विषयाजवळची निवडा, पाण्याचं पुस्तक असेल तर कोटीतीर्थ, रानाचं असेल तर पन्हाळा. आणि वाचनालयात पाहिजे ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालांना सांगून मागणीच्या वहीत त्याचं नाव, लेखक आणि प्रकाशन नीट लिहा, गटातल्या बाकीच्यांनाही लिहायला लावा, कारण एकाच पुस्तकाला चार जणांची मागणी दिसली की पुढच्या खरेदीत ते घ्यावं असं त्यांनाही वाटतं.